पिठाच्या डब्यातलं तूप

सोनपेठ
दि. २७ नोव्हेंबर १९९३

ती. भुजंगराव यांस,
बन्सीधरचा सा. न. वि. वि.

रुख्मिणी काल दवाखान्यातून घरी आली, हे आधी लिहितो. म्हणजे मामींना पत्र वाचून दाखवताना तुमचा आवाज मध्येच बदलणार नाही. भाऊबीज करून ती तुमच्याकडून आली ती हसतखेळत. आठवडा गेला नाही तोच वरच्या पोटात अशी कळ निघाली की थेट पाठीपर्यंत. सरळ झोपता येईना. गुडघे पोटाशी घेऊन पुढे वाकून बसायची आणि उलट्या करायची. परभणीला नेली. पंचमीच्या माहेरपणानंतरही असंच झालं होतं, पण तेव्हा आपण सगळ्यांनी अपचन म्हणून सोडून दिलं. या वेळी डॉक्टरांनी सांगितलं की जठराच्या मागे स्वादुपिंड नावाचा अवयव असतो, त्याला सूज आली आहे. सलाईनवर ठेवली, तोंडानं पाण्याचा थेंबही बंद.

सूज का आली, ते मात्र कुणी सांगत नाही. डॉक्टर म्हणाले, बहुतेकांना हे पित्ताच्या खड्यांनी होतं, नाहीतर दारूनं. सोनोग्राफी केली, खडा नाही. मग बाई दारू घेतात का म्हणून विचारलं. तुमची बहीण त्या अवस्थेतही हसली. मग पोटाला मार लागला होता का, असं विचारलं आणि विचारताना माझ्याकडे पाहिलं. भुजंगराव, मी वर्गात पोरांवर छडी उगारत नाही म्हणून हेडमास्तर मला टाकून बोलतात, आणि तिथे मी बायकोच्या पोटात लाथ घालणारा ठरत होतो. पुढे गालगुंड, कसल्या गोळ्या, विंचू, सगळं विचारून झालं. जंतांनीही होतं म्हणाले. लांब जंत आतड्यातून वर चढतो आणि स्वादुपिंडाच्या नळीत शिरून वाट अडवून बसतो. जंताचं औषध दिलं, काही पडलं नाही. रक्त दिलं तर तपासणाऱ्यानं नमुना खराब झाला म्हणून फेकून दिला आणि दुसरा घेतला. त्यात काही निघालं नाही.

कारण सापडेपर्यंत तेल-तूप पूर्ण बंद ठेवा, असं डॉक्टरांनी बजावलं आहे. तेव्हा मामींना सांगा, कृपा करून काही पाठवू नका. तुमचा लोभ तुपाच्या डब्याशिवायही पोचतो, तो तसाच पाठवत राहावा.

आपला
बन्सीधर


वालूर
५ डिसेंबर ९३

श्री. बन्सीधरराव यांस,
भुजंगचा रामराम. वि. वि.

पत्र पोचलं. आईला वाचून दाखवलं. स्वादुपिंड काय असतं ते तिला समजलं नाही, खरं तर मलाही नाही. तेल-तूप बंद, एवढं मात्र दोघांना समजलं. तेव्हापासून ती चुलीपुढं बसून एकच बोलायलीय, की माझ्या लेकीला कोरडं खाऊ घालायलेत. दावणीला चार म्हशी आहेत, कढवलेल्या तुपाचा वास गल्लीच्या टोकापर्यंत जातो, आणि घरची लेक कोरडी भाकर पाण्याच्या घोटाबरोबर उतरवणार. गावात कुणी विचारलं तर काय सांगायचं आम्ही?

राग मानू नका, जावईबापू, पण तुमच्या डॉक्टरचं म्हणजे रोग रेड्याला आणि औषध पखालीला. कळ कशानं निघाली ते सापडंना, म्हणून खाणं बंद. आजारातून उठलेल्या माणसाला ताकद कशानं यायची? माझं ऐकाल तर तिची बेंबी सरकली आहे. इथं दगडाबाई पोटावर पणती ठेवून तांब्या पालथा घालते आणि बेंबी जागेवर आणते. तिला एकदा दाखवा.

आणखी एक लिहितो, ते रुख्मीला वाचून दाखवू नका. आमचे वडील, आबा, असेच गेले. त्यांना अधूनमधून कळ यायची, पण गेले ते केशरकाकूच्या घरची पंगत जेवून आल्यावर. काकू आमची सख्खी चुलती. तिच्या लेकीचं लग्न होतं. रात्री पोट धरून बसले ते उठले नाहीत. वाटणीवरून धुसफूस होतीच. पंगतीत कुणी काय घातलं ते देव जाणे. त्याला बावीस वर्षं झाली. भिंतीला भिंत लागून घर आहे, पण त्या घराचं पाणी आम्ही घेत नाही. दिवाळीत रुख्मी बोळात काकूशी बोलत उभी होती, हे आईनं पाहिलं आहे. तुम्ही शिकलेले, तुम्हाला हसू येईल. हसा.

मुंजाजी कंडक्टर आमच्या गल्लीतला, सेलूहून सोनपेठला येणारी गाडी त्याच्याकडे आहे. त्याच्यासोबत ज्वारीच्या पिठाचा डबा धाडला आहे. पिठाला तरी डॉक्टरची हरकत नसावी. डबा रुख्मीच्याच हातात द्या, आईच्या हातचं पीठ ती ओळखते. राग गेला की लोभ ठेवा, घाई नाही.

भुजंग


सोनपेठ
१४ डिसेंबर १९९३

ती. दादास,
रुख्मिणीचा शि. सा. न. वि. वि.

पीठ पोचलं. मळायला घेतलं तेव्हा हाताला बरणी लागली. आईला सांग, पिठाच्या पोटातलं लेकीच्या पोटात चाललंय. हे शाळेत गेले की भाकरी तव्यावरून थेट ताटात घेते आणि वरून चांगलं चमचाभर सोडते. चमचा कुठला, वाटीच म्हण. गेले पंधरा दिवस यांनी मला बिनफोडणीचं वरण असं खाऊ घातलंय की मोहरी तडतडली की माझ्या डोळ्यांत पाणी येतं. यांनी तेलाची बुधली वरच्या फळीवर ठेवलीय. पोरांसाठी भाजी करताना स्वतः काढून देतात आणि परत ठेवतात. शिक्षकाशी लग्न केलं की घरातही परीक्षाच.

यांचं चुकतंय असं मी म्हणत नाही, दादा. दवाखान्यात रात्रभर हे बाकड्यावर बसून होते, तोंड एवढंसं झालं होतं. पण मला चालताना अंधारी येते. पदर खांद्यावर टिकत नाही इतकी वाळले. थोडं तूप पोटात गेलं की वाटतं, आता उभी राहीन. म्हणून हे गुपित आपल्या तिघांतच राहू दे. पुढचा डबा संक्रांतीच्या आधी पाठवशील ना?

हो, माझ्या कोपरांवर बारीक पिवळ्या पुळ्या आल्यात, बाजरीच्या दाण्याएवढ्या. दुखत नाहीत. आबांना होत्या तशाच. आई म्हणायची हे तुमच्या घराण्याचं लेणं. तुलाही आहेत, तेव्हा माझ्यावर हसू नकोस. वहिनींना आणि मुलांना आठवण सांग. लहानपणी जसा वेणी ओढून जीव लावायचास, तसा लावत जा.

तुझी
रुख्मी


परभणी
२८ डिसेंबर १९९३

ती. भुजंगराव यांस,
बन्सीधरचा सा. न. वि. वि.

पुन्हा तोच दवाखाना, तीच खाट. परवा पहाटे कळ निघाली ती आधीपेक्षा मोठी. जीप मिळेपर्यंत तिनं माझा हात इतका आवळला की नखांचे वण अजून आहेत. आज जरा उतार आहे.

मी बेजार झालो आहे, भुजंगराव. महिनाभर या घरात तुपाचा थेंब नाही. मी स्वतः तिच्यासारखंच खातो, पोरं माझ्यावर रुसून आहेत. आणि डॉक्टर मला म्हणतात, पथ्य नीट पाळत जा. पाळलं म्हणून सांगितलं तर असे पाहतात की घरचा अभ्यास न केलेल्या पोराकडे मी पाहतो. काल त्यांनी मला बाहेर काढलं आणि रुख्मिणीला एकटीला विचारलं, घरी सुखात आहात ना? शेजारच्या खाटेवरच्या बाईंनी तर ठरवूनच टाकलं आहे की मास्तर उपाशी ठेवतो. त्यांना हे कुणी सांगितलं असेल ते मी विचारत नाही.

रक्ताचा नमुना पुन्हा खराब निघाला. दोनदा खराब कसा निघतो, असं मी विचारलं, तर तपासणारा म्हणाला, होतं असं, सुई ओली असेल. पुन्हा घेतलं त्यात स्वादुपिंडाची तपासणी ठीक निघाली. म्हणजे सूज आहे, पण कागदावर नाही. दारू नाही, खडा नाही, मार नाही, जंत नाही. मग आहे काय, असं मी जरा मोठ्यानं विचारलं, तर कंपाउंडरनं मला बाहेर जाऊन पाणी प्यायला सांगितलं.

बेंबीबद्दल आणि केशरकाकूंबद्दल तुम्ही लिहिलंत त्यावर मी काही लिहीत नाही. आपलेच दात आणि आपलेच ओठ. लोभ आहेच, फक्त सध्या त्याला दम लागला आहे.

बन्सीधर


वालूर
५ जानेवारी ९४

श्री. बन्सीधरराव यांस,
भुजंगचा रामराम.

कार्डावरच लिहितो, जास्त लिहिण्यासारखं नाही. तुमचं पथ्य पाळूनही माझी बहीण पुन्हा दवाखान्यात गेली. आता माझ्या पथ्यानं एक महिना राहू द्या. संक्रांत झाली की मी स्वतः येतो आणि तिला वालूरला आणतो. आईनं डिंक आणून ठेवला आहे. लाडू बांधून ठेवते म्हणाली. महिन्यानं परत नेताना तुम्हाला ओळखू आली नाही तर नाव बदलीन. जावयाला दुखवायचं नाही असं आबांनी शिकवलं होतं. म्हणून येतो असं कळवतो, नेऊ का असं विचारत नाही. लोभाचं तुम्ही ठरवा.

भुजंग


सोनपेठ
३० जानेवारी १९९४

ती. भुजंगराव यांस,
बन्सीधरचा सा. न. वि. वि.

तुम्ही येणार होतात आणि गाड्याच बंद पडल्या. विद्यापीठाचा नामविस्तार झाल्यापासून कुठे बंद, कुठे काचा फोडलेल्या. मुंजाजींची गाडी सेलूच्या आगारातून हलली नाही, आणि मामींचा संक्रांतीचा डबा तिथेच अडकून आहे असा निरोप आला. आमच्या शाळेतल्या लिंबाजी सरांनी पेढे वाटले. सोळा वर्षं वाट पाहिली त्या माणसानं. माझ्या हातात दोन पेढे ठेवले. रुख्मिणीच्या वाट्याचा मीच खाल्ला.

तुम्हाला चांगली बातमी द्यायची आहे. हा सगळा महिना तिला एकदाही कळ नाही. तोंडावर तजेला आला आहे. परवा तिनं अंगण सारवलं. हळदीकुंकवाला शेजारच्या बायकांना बोलावून वाण लुटलं आणि माझ्या वरणाची नक्कल करून सगळ्यांना हसवलं. कोपरांवरच्या पुळ्यासुद्धा बसत आल्या आहेत. आता तरी कबूल करा की मास्तरच्या पथ्यात काही दम आहे. मला तुमच्याशी भांडायचं नाही, जिंकायचंही नाही. पण इतके दिवस हरल्यावर एखादा डाव आपला झाला की माणसाला बोलावंसं वाटतं.

कालपासून गाड्या सुरू झाल्या. तिला न्यायचं म्हणता तर उन्हाळ्याच्या सुट्टीत मी स्वतः घेऊन येईन. तोपर्यंत थांबा. लोभाला आता दम लागत नाही, तो चांगला चालतो आहे.

आपला
बन्सीधर


नांदेड
१७ फेब्रुवारी १९९४

भुजंगराव,

नमस्कार. रुख्मिणी जिवंत आहे. चार दिवस ते सांगता येत नव्हतं, म्हणून लिहिलं नाही. परभणीच्या डॉक्टरांनी हात टेकले आणि इथे पाठवलं. नाकात नळी, हाताला दोन सलाईन, पोट नगाऱ्यासारखं ताणलेलं. शुद्धीत नसताना ती आईला हाक मारत होती.

कारण सापडलं. इथल्या डॉक्टरांनी रक्त काढलं आणि काचेची नळी तासभर तशीच उभी ठेवली. मग मला बोलावून दाखवली. खाली लाल आणि वर साईसारखं पांढरं. आधी मला वाटलं, कुणाच्या चहाचं दूध असेल. ते तुमच्या बहिणीचं रक्त होतं. परभणीत दोनदा नमुना खराब म्हणून फेकला तो खराब नव्हता, तोच तिचा रोग होता. आणि पांढऱ्या रक्तात ती स्वादुपिंडाची तपासणी फसते, म्हणून कागदावर सूज दिसली नाही. ट्रायग्लिसराइड म्हणून एक चरबी असते. काही घराण्यांत ती रक्तातून लवकर निघूनच जात नाही. खाल्लेलं तूप, लोणी, तळण रक्तात साचत जातं आणि फार साचलं की स्वादुपिंड सुजतं. खडे आणि दारू सोडली तर जी कारणं उरतात, त्यांतलं हे एक. अशी पुढची कळ शेवटची असू शकते, असं डॉक्टरांनी मला स्पष्ट सांगितलं.

मी म्हटलं, पण आमच्या घरात तूप नाही. तेव्हा रुख्मिणीनं डोळे मिटून घेतले. संध्याकाळी तिनं सगळं सांगितलं. पिठातली बरणी, डिंकाचे लाडू, गाड्या सुरू होताच मुंजाजींनी आणलेला दुसरा डबा. पंचमी, दिवाळी, डिसेंबर, आता हे. जानेवारीत तिला बरं वाटलं ते माझ्या पथ्यानं नाही, गाड्या बंद होत्या म्हणून. आंधळं दळतं आणि कुत्रं पीठ खातं, असं पोरांना शिकवताना मी कधी स्वतःला त्यात पाहिलं नव्हतं. त्या पिठाच्या भाकरी मीही खाल्ल्या.

मला तुमचा इतका राग आला आहे की तो लिहिता येत नाही. तरी एक काम करा. डॉक्टर म्हणाले, हे घराण्यातून येतं, भावाचं रक्त तपासा. बारा तास काही न खाता सेलूला जाऊन रक्त द्या. आणि मामींना सांगा, यापुढे डबा आला तर मी तो तसाच परत पाठवीन. लोभाबद्दल नंतर कधीतरी.

बन्सीधर


वालूर
२५ फेब्रुवारी ९४

श्री. बन्सीधरराव यांस,
भुजंगचा रामराम. वि. वि.

ती वाचली, पांडुरंगाची कृपा. तुमचा राग मी डोक्यावर घेतो. पिठात बरणी ठेवायची युक्ती आईची आणि हात माझा. पण जावईबापू, ताकाला जाऊन भांडं का लपवू, जे मनात आहे ते लिहितो. मला हे पटत नाही. रुख्मीच्या अंगावर मांस नाही, हाडं मोजता येतात, तिच्यात चरबी आली कुठून? मी लहानपणापासून वाटीनं तूप पितोय. मला कधी डोकंसुद्धा दुखलं नाही. तूप खाऊन माणूस मरत असता तर आमचं गाव कधीच ओस पडलं असतं. रक्तात दूध, हे कुठल्या शास्त्रात बसतं?

आईची अवस्था सांगत नाही. लेकीला मी विष धाडलं का रे, असं विचारते. मी म्हणतो, न्हाई, ते डॉक्टरचं काहीतरी खूळ हाय. तिला तेवढंच हवं असतं, पण जेवत नाही.

म्हणून परवा सेलूला जातो आणि रक्त देतो. माझं लालभडक रक्त निघालं की त्याचा कागद तुमच्या डॉक्टरच्या टेबलावर ठेवा आणि विचारा, आता बोला. तोवर लोभ राहू द्या.

भुजंग


वालूर
९ मार्च ९४

श्री. बन्सीधरराव यांस,
भुजंगचा नमस्कार. वि. वि.

माझंही पांढरं निघालं. तपासणारा म्हणाला, नमुना खराब झालाय, पुन्हा द्या. मी त्याला म्हटलं, फेकू नको, तसंच उभं ठेव. तासाभरानं वर साय धरली. मी बाकावर बसून राहिलो. तुम्ही तीन महिने एकटे काय सोसत होता ते मला तिथं कळलं. माफी मागायची मला सवय नाही, ती मागितली असं समजा. माझं तूप बंद झालं आहे. कोरडी भाकर घशातून उतरत नाही, रोज तुमची आठवण येते.

पण लिहायचं कारण दुसरं आहे. घरी येऊन मी आईला सांगितलं. तिनं माझा हात धरला, बाही वर केली आणि कोपरावरच्या पुळ्यांवरून बोट फिरवत राहिली. मग म्हणाली, तुझ्या आबाला अशाच व्हत्या, मी त्यावर लोणी चोळायची. दुसऱ्या दिवशी म्हणाली, कळ थांबली की मी त्यांना तूप-भात द्यायची, अंगात जीव यावा म्हणून. केशरच्या पंगतीला जायच्या आधी चार दिवस ते कळेतूनच उठले व्हते, मी रोज वाटी भरून दिली. तेव्हापासून ती एकच विचारते. आबांचंही रक्त तसंच व्हतं का? मी उठून म्हशींकडं जातो. बावीस वर्षं केशरकाकूला पाण्यात पाहिलं, आता ती नजर स्वतःकडं वळवून बसली आहे. रात्री उठून चुलीपाशी जाऊन बसते.

काय खरं ते मला कळून चुकलं आहे, तुम्हालाही कळलं असेल. तिला ते कळायला नको. मी काही सांगितलं तर ती म्हणेल पोरगा समजूत घालायलाय. तुम्ही खोटं बोलत नाही हे तिला माहीत आहे, त्याच गोष्टीसाठी तिनं तुम्हाला इतकी नावं ठेवली. तेव्हा डॉक्टरला विचारून, न विचारून, कसंही, तिला दोन ओळी लिहा. लोभ मागायला तोंड नाही, तरी मागतो.

भुजंग


सोनपेठ
१६ मार्च १९९४

ती. मामींस,
बन्सीधरचा त्रिवार शि. सा. न. वि. वि.

रुख्मिणी घरी आली आहे. चालते, फिरते, मला टोमणे मारते, म्हणजे बरी आहे. तिनं तुम्हाला नमस्कार सांगितला आहे. तुम्ही तिला जे पाठवलंत ते जीव लावून पाठवलंत, हे ती जाणते आणि मीही. त्याचा विचार करू नका. पोटातलं कुणालाच दिसत नव्हतं, मोठमोठ्या डॉक्टरांनाही नाही.

आबांबद्दल तुम्ही विचारता असं भुजंगरावांनी लिहिलं. मी नांदेडला फेरतपासणीला गेलो तेव्हा डॉक्टरांना त्यांची सगळी हकीकत सांगितली. कळ कशी यायची, पंगत, सगळं. त्यांनी नीट ऐकून घेतलं आणि म्हणाले, हा प्रकार वेगळा. पोरांना रक्ताचा दोष आहे, तो दुसऱ्या पिढीत नव्यानंही येऊ शकतो. कोपरावरच्या पुळ्या उन्हात राबणाऱ्या कुणालाही येतात. आबांचा आजार बहुतेक जंताचा. लांब जंत आतड्यातून वर चढतो आणि स्वादुपिंडाच्या नळीत शिरून वाट अडवतो. थोडा हलला की कळ थांबते, पुन्हा अडकला की येते. शेवटी तो हललाच नसेल. त्या काळी ते समजायला काही साधन नव्हतं.

मामी, जंत कुणाच्या ताटातून त्या दिवशी येत नाही आणि कुणाच्या वाटीतून वाढत नाही. यात रांधणाऱ्याचा हात नाही, वाढणाऱ्याचाही नाही. केशरकाकूंचा नाही आणि दुसऱ्या कुणाचाही नाही. मी शिक्षक आहे, जे माहीत नाही ते लिहीत नाही. तेव्हा रात्री झोपत जा आणि जेवत जा. जावयावर आजवर रागावलात तसाच हक्कानं लोभही करावा.

आपला
बन्सीधर


वालूर
३० मार्च ९४

श्री. बन्सीधरराव यांस,
भुजंगचा शि. सा. न. वि. वि.

वयानं मी मोठा, तरी साष्टांग लिहिलं आहे, खोडू नका.

होळी झाली. आईनं पुरणपोळ्या केल्या. माझ्या ताटात पोळी वाढून तिचा हात सवयीनं तुपाच्या वाटीकडं गेला आणि तिथंच थांबला. मी खाली मान घालून गुळवण्याशी पोळी खाल्ली. गोड लागली, असं तिला सांगितलं.

तुमचं पत्र मी तिला दोनदा वाचून दाखवलं. तिनं मध्ये एकदाही अडवलं नाही, उलट विचारलं नाही. तुम्हाला तिचा स्वभाव माहीत आहे. दिवाळीपासून तुम्ही जे खरं लिहीत होता त्यातली एक ओळ तिनं मानली नाही, आणि हे मात्र एका दमात मानलं. जंतच असंल, म्हणाली. दुसऱ्या दिवशी सकाळी तुपाची मोठी बरणी कडेवर घेतली आणि बोळातून केशरकाकूच्या दारात जाऊन उभी राहिली. मी मागं होतो. काकू घाबरून उठली. आई म्हणाली, आमच्या घरात आता हे लागत न्हाई, तुझ्या नातवंडांना घे. मग उंबऱ्यावर बसली आणि पाणी मागितलं. काकूनं तांब्या काठोकाठ भरून आणला, घाईत अर्धं पाणी आईच्या पदरावर सांडलं. उरलेलं आई प्यायली. आबांचं नाव दोघींनीही काढलं नाही.

रुख्मीला सुट्टीत महिनाभर पाठवा. आता भ्यायचं कारण नाही. इथंही फोडणी पाण्याचीच असते, तिला तुमच्या घरची आठवण येईल. येताना ती वरणाची कृती तेवढी लिहून आणू द्या, आमच्याकडं ते जमत नाही.

एक गोष्ट लिहू की नको असं चाललं होतं, लिहितो. आबांना आई दर श्रावणात जंताचं औषध द्यायची, न चुकता, स्वतः वाटून. हे मला पत्र वाचून झाल्यावर आठवलं. तिला वाचत असतानाच आठवलं असणार. काकूकडून परत येताना बोळात ती थांबली आणि म्हणाली, जावई लय भला माणूस हाय. त्या रात्री ती झोपली.

तिचा तुमच्यावरचा लोभ कळवतो. माझा त्यातच धरावा.

भुजंग